ताईचे अकरा इंच

मी आयुष्यात जी पहिली वेबसाइट बनवली, तिच्यात माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे अकरा इंच कापले. लोक पहिल्या कामातून आईला लुगडं घेतात, घराला रंग देतात. आपलं हे असं.

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात यायचं, आणि चांगल्या कारणासाठी येत नव्हतं. कपाशीच्या घरांमधून पोरांना एकच मंत्र दिला जात होता: काहीही कर, पण वावरात येऊ नको. त्यामुळे अमरावतीत जो तो कसला ना कसला कोर्स करत होता. मीही केला. एका मेडिकल दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास होता, तिथे वेबसाइट बनवायला शिकवायचे. कोर्स अर्धा झाला होता, तेव्हापासूनच मी गल्लीत स्वतःला इंजिनियर म्हणवून घेत होतो. कोणी विचारलं तर 'सॉफ्टवेअर', एवढंच म्हणायचो आणि लांब बघायचो. लांब बघितलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

घरात आम्ही तिघं. आई, ताई आणि मी. वडील लवकर गेले, वावर बटाईला दिलेलं. घर चालायचं ते ताईच्या शाळेवर. ती वलगावच्या एका शाळेत शिकवायला जायची. तिशीला टेकली होती आणि अजून लग्न जमलं नव्हतं. कारण सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ होतं: उंची. ताई चार फूट अकरा इंच. पाचाला एक इंच कमी. त्या एका इंचासाठी किती लोक आमच्या घरचा चिवडा खाऊन गेले, त्याला गणती नाही. एका पाहुण्यांनी तर शिंप्याची टेप खिशात घालून आणली होती. 'बुरा मानू नका, एकदाची खात्री केलेली बरी,' असं म्हणून त्यांनी ताईला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. चपला तिने आधीच काढलेल्या होत्या, तरी 'चपला काढल्या नं?' म्हणून विचारलंच. मी तेव्हा बाजूला बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होतो.

आमच्या समाजाचं एक मंडळ उपवर मुलामुलींचा परिचय मेळावा भरवायचं, एक साल अमरावतीला, एक साल अकोल्याला. मेळावा म्हणजे मोठा हॉल, समोर स्टेज, स्टेजवर माइक. नंबर पुकारला की मुलगा किंवा मुलगी उठून स्टेजवर जाते, नाव-गाव-शिक्षण सांगते, अपेक्षा सांगते आणि खाली उतरते. खाली बसलेल्यांच्या मांडीवर छापील परिचय पुस्तिका असते आणि हातात पेन असतो. पसंत पडलं की नंबरावर गोल. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त ग्रामसेवक होते आणि त्यांना त्या साली मेळावा 'हायटेक' करायचा होता.

"पुण्याकडे म्हने पडद्यावर फोटो दिसते," ते मला म्हणाले. "खाली समदी माहिती येते. तुले जमते का?"

"जमते नं काका. डाव्या हाताचं काम हाय," मी म्हणालो आणि लांब बघितलं.

तर ठरलं असं की मी वेबसाइट बनवायची, सगळ्यांची माहिती तिच्यात भरायची आणि मेळाव्याच्या दिवशी तीच वेबसाइट प्रोजेक्टरने पडद्यावर दाखवायची. पुस्तिका मात्र नेहमीसारखी प्रेसवाला छापणार होता.

ताईचा अर्ज मीच समोर बसून भरून घेतला. उंचीच्या रकान्याशी आल्यावर मी म्हटलं, "ताई, पाच लिही नं. एका इंचानं कोनाचं काय जाते?"

"माहं जाते. चार अकराच लिहीन मी."

"समदे वाढवूनच लिहितेत. मले पाह्य, मी स्वतःले सहा फूट लावलं असतं."

"तुले कोनी भितीले टेकवून उभं केलं हाय का कधी?" ती म्हणाली. तिने स्वच्छ अक्षरात ४.११ लिहिलं, आमच्याकडे सगळेच लिहितात तसं, फूट आणि इंच यांच्यामध्ये एक टिंब. मग पेनला टोपण लावून म्हणाली, "बाबू, हे शेवटचं हं. आईसाठी जातो मी. याच्यानंतर कोनापुढं उभी राहनार नाही. सांगून ठेवतो."

मला वाटलं, म्हणतात असं सगळे.

आता थोडं माझ्या कारागिरीबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढची फजिती कळायची नाही. वेबसाइटवर वय दाखवायचं होतं. अर्जात जन्मतारीख होती, त्यामुळे वय कॉम्प्युटरला काढायला लावलं. आजच्या दिवसातून जन्माचा दिवस वजा करा, वर्षाच्या दिवसांनी भागा. सोपं. पहिली मुलगी पडद्यावर आली, तर वय: २६.८३५६१६४३८ वर्षे. अध्यक्ष चष्मा पुढे-मागे करत म्हणाले, "हे पोरीचं वय हाय का तिच्या बापाचा मोबाइल नंबर?"

टिंबाच्या पुढची ही शेपटी उडवायच्या कॉम्प्युटरमध्ये चार तऱ्हा आहेत. आकडा जवळच्या पूर्ण आकड्यावर न्यायचा. नाहीतर खालच्या आकड्यावर उतरवायचा. नाहीतर वरच्यावर चढवायचा. नाहीतर कसलाही विचार न करता टिंबापासून पुढचं तोडून टाकायचं. मास्तरांनी क्लासमध्ये हे फळ्यावर मांडलं, तेव्हा मला हसू फुटलं होतं, कारण आमच्याकडची लग्न जमवणारी माणसं हे बिनाकॉम्प्युटरचंच करत आलेली. मुलीचं वय खालच्या आकड्यावर, मुलाचं शिक्षण वरच्या आकड्यावर, आणि त्याला कुठली सवय असेल तर ती टिंबापासून पुढे तोडून टाकलेली.

मी आधी पहिली तऱ्हा वापरली. जवळचा आकडा. तर दुसऱ्याच दिवशी बार्शीटाकळीहून एका मुलीचे वडील एसटीने थेट आमच्या दारात.

"माही पोरगी अठ्ठावीसची काहून केली बे तुनं? पोत्यानं वर्षं आणली का कोनी तुयापाशी? सत्तावीस चालू हाय तिले."

"काका, सत्तावीस पुरे होऊन आठ महिने झाले. कॉम्प्युटर जवळचा आकडा धरते."

"कॉम्प्युटरले म्हना, जवळचा नको धरू, आमच्या सोयीचा धर!"

त्यांचं चुकलं नव्हतं. वय आपण पुरं झालेलंच सांगतो. अठ्ठावीस लागेपर्यंत माणूस सत्तावीसचाच असतो. मी एक छोटं फंक्शन लिहिलं, म्हणजे कुठलाही आकडा द्या, ते टिंबापुढचं तोडून उरलेलं हातात ठेवणार. संत्र्याच्या बागांच्या मुलखातला मी, फंक्शनचं नाव ठेवलं 'छाटणी'. ते वयाला लावलं. सगळ्या मुली एका झटक्यात काही महिन्यांनी लहान झाल्या. अध्यक्षांच्या घरी फोन यायला लागले, पोरगा हुशार हाय म्हणून. माझ्या पाठीवर थापा पडल्या. आणि पाठीवर थाप पडली की माझी अक्कल जागा सोडते, हा लहानपणापासूनचा आजार आहे.

टक्केवारीलाही शेपट्या होत्या. शेतीच्या रकान्यात लोकांनी अडीच एकर, सव्वा एकर असं काय काय लिहिलेलं, त्यालाही शेपट्या. प्रत्येकीची वेगळी व्यवस्था कोण लावत बसणार? मी एकच हुकूम दिला: या वेबसाइटवर जिथे जिथे आकडा दिसेल, तिथे तिथे छाटणी. पान कसं स्वच्छ दिसायला लागलं. तपासायचं म्हणून एक खोटा उमेदवार घालून पाहिला. फोटो माझा, वय माझं आणि उंची सहा फूट. मी पाच सहा आहे, पण तिथे कोण टेप घेऊन येणार होतं? पडद्यावर आलं: उंची ६ फूट. अगदी बरोबर. खोटं बोलणाऱ्याचं काहीच कापलं गेलं नाही. मी खूश होऊन कॉम्प्युटर बंद केला.

पुस्तिका छापून घरोघर गेली आणि आठवड्याच्या आत पातूरहून फोन आला. मुलगा सरकारी कचेरीत लिपिक. त्या वर्षांत हा शब्द ऐकून आमच्याकडच्या आया उभ्या राहायच्या. आई उभीच राहिली. पलीकडून मुलाची आई बोलत होती. "पुस्तकात वाचलं आमी समदं. शिकेल हाय, नोकरी करते, फोटोत चांगली दिसते. उंचीचं काही नाही, मीच कुठी ताडाचं झाड हावो! मेळाव्यात एकदा समोर पाहू, अन् तिथंच बोलू."

आईने फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी ताईने निळी साडी काढून तिला इस्त्री केली, आणि इस्त्री करताना गुणगुणत होती. शेजारच्या काकू उंच टाचांच्या चपला घेऊन आल्या. ताईने त्या हसत परत केल्या. "काकू, उद्या संसारात कुठवर टाचांवर चालू?" संसार हा शब्द तिच्या तोंडून मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

अकोल्याच्या हॉलमध्ये पंखे होते, पण ते गरम हवा इकडून तिकडे नेण्याचं काम करत होते. आई आणि ताई बायकांच्या बाजूला जाऊन बसल्या. मी स्टेजच्या खाली एका टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलो, गळ्यात कार्यकर्त्याचा बिल्ला. शेजारी प्रोजेक्टरवाले चाचा. लग्नसराईत ते माइक आणि स्पीकर लावायचे, आता प्रोजेक्टरही घेतला होता. पान खात ते म्हणाले, "इंजिनियर साब, आप बटन दबाओ, मैं रोशनी देखता हूँ." मला साब म्हटलेलं एवढं आवडलं की मी खुर्ची अजून पुढे ओढून घेतली.

सुरुवात झकास झाली. अध्यक्ष स्वतः पडद्याकडे बघून वाचत होते, मग उमेदवार माइकवर यायचा. मुलगा पाच फूट, मुलगी पाच फूट, मुलगा पाच फूट. सगळा वऱ्हाड एका उंचीचा झाला होता आणि कोणाच्या लक्षात येत नव्हतं. मुलींना पाच म्हटलं की समाधान, आणि मुलाची उंची त्या वर्षांत कोणी पाहत नव्हतं, नोकरी आहे का एवढंच पाहत होते. एका मुलाच्या नावापुढे 'शेती: ० एकर' आलं. त्याचे वडील टेबलाशी वाकून माझ्या कानात म्हणाले, "पाऊन एकर लिहिलं होतं आमी. पन राहू दे बाप्पा, शून्यच राहू दे. शेती दिसली का पोरगी देत नाही कोनी."

देवाने त्या म्हाताऱ्याच्या तोंडून मला सावध केलं होतं. पाऊण एकराचं शून्य कसं झालं, हे विचारायला हवं होतं मी स्वतःला. पण मी त्यांना डोळा मारला आणि पुढचं बटण दाबलं.

मग ताईचा नंबर आला.

ती निळ्या साडीत स्टेजवर चढली. तिच्या मागे पडद्यावर तिचाच मोठा फोटो. समोरून तिसऱ्या रांगेत पातूरचा मुलगा आणि त्याची आई. मुलाच्या मांडीवर पुस्तिका उघडी, ताईच्याच पानावर, नंबरावर गोल केलेला. मी मान उंचावून पाहिलं होतं ते. अध्यक्षांनी त्यांच्या ठरलेल्या सुरात वाचायला घेतलं. नाव, शिक्षण, नोकरी. "उंची... चार फूट."

ताईसमोर माइकचा दांडा होता, आधीच्या मुलासाठी वर केलेला. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, माइक खाली करा रे!"

आणि हॉल फुटला. बायका पदर तोंडाला लावून, माणसं मांडीवर थाप मारून. अध्यक्षांच्या मिशा हलल्या. चाचांचं पान गळ्यात अडकलं.

मीही हसलो.

मला हे जरा नीट सांगू द्या, कारण इतकी वर्षं मी ते मेळाव्याची गंमत म्हणून मित्रांत सांगत आलो, आणि दरवेळी हा भाग गाळत आलो. माझी नजर पडद्यावर नव्हती, स्टेजवर नव्हती, लॅपटॉपच्या बटणावर होती. कानावर पडला तो फक्त विनोद. विनोदाने वेळ चांगली साधली होती, आणि मी आजन्म विनोदाचा भुकेला माणूस. पोटातून आलं ते. मोठ्यांदा आलं. स्टेजच्या अगदी खाली बसलेलो असल्यामुळे सगळ्यात जवळचा आवाज माझाच होता. हसत हसत मी मान वर केली, तर वर ताई उभी. ती हॉलकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

तेव्हा मी पडदा पाहिला. उंची: ४ फूट.

ताईने हात वर करून माइकचा दांडा स्वतःच खाली केला. त्याचा स्क्रू घट्ट होता, तिला दोन्ही हात लावावे लागले. हॉल तोवर हसत होता. मग ती म्हणाली, "चार फूट अकरा इंच." शाळेत हजेरी घेताना जसा आवाज असतो तसा. पुढे तिने नेहमीचं सगळं सांगितलं, शिक्षण, शाळा, घरी आई आणि लहान भाऊ. भाऊ काय करतो, हे बाकीच्या मुली सांगत होत्या. तिने सांगितलं नाही.

तेवढ्या वेळात इंजिनियर साब खाली घामाने भिजून दुरुस्ती करत होते. मला कळलं होतं की ही छाटणीची करणी आहे. ४.११ मधलं टिंबापुढचं तिने तोडलं आणि चार ठेवले. मी धडपडत फंक्शन उघडलं, तोडण्याच्या जागी जवळच्या आकड्यावर नेण्याचा हुकूम लिहिला, पान पुन्हा आणलं. चार! मग उमगलं. माणसाला ते अकरा इंच दिसतात, म्हणजे पाचाच्या दाराशी आलेली मुलगी. कॉम्प्युटरला दिसतात चार आणि वर चिमूटभर. त्याच्या हिशेबाने ताई चाराच्याच जवळची होती.

"फिर चार," चाचा पडद्याकडे बघत म्हणाले.

मी वरच्या आकड्यावर चढवण्याचा हुकूम दिला. पाच!

"अब पाँच," चाचा म्हणाले. "अरे भाई, कोई एक तो पकडो!"

पण पाच आले तेव्हा ताई स्टेजवरून उतरून गेली होती, आणि पुढची मुलगी उभी होती. आता फंक्शन एकच, सगळ्यांना लागू. पाच फूट दोन इंचांची ती बिचारी पडद्यावर सहा फूट झाली आणि तिचं वयही एका वर्षाने वाढलं. तिची आई खुर्चीवर चढून ओरडली, "माही पोरगी हाय का इजेचा खांब?" हॉल पुन्हा फुटला. या खेपेला मी हसलो नाही. कोणी ते पाहिलं असेल असं नाही.

"बंद कर थे डबडं!" अध्यक्ष माइकवरच म्हणाले. चाचांनी प्रोजेक्टर बंद केला. उरलेला मेळावा नुसत्या माइकवर झाला, दरवर्षीसारखा, छान.

जेवणाच्या पंगतीत पातूरची माणसं आपणहून आमच्यापाशी आली. मुलाची आई खरंच ताईपेक्षाही बुटकी होती. तिने ताईचा हात हातात घेतला. "मशीनचं काय खरं हाय, माय. पुस्तकात चार अकराच हाय, आमी वाचलं होतं." आई वाढणाऱ्यांना तिच्या पानात दोनदोनदा बुंदी घालायला सांगत होती. ताई खाली बघून 'हो', 'नाही', एवढंच बोलत होती. मुलगा माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. वागायला मोकळा होता, वाईट नव्हता.

"भाऊ, टेन्शन नको घेऊ. पन मजा आली यार. माइक खाली करा म्हने!" आणि तो पुन्हा हसला.

मला तो मेहुणा म्हणून हवा होता. मीही हसलो. दुसऱ्यांदा. ताई तेव्हा ताटावरून उठून हात धुवायला चालली होती, आमच्या बाजूनेच.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी डोकं टेकून झोपली. मूर्तिजापूरच्या पुढे ताईने विचारलं, "कसं झालं रे थे?" मी सगळं सांगितलं. वयाच्या शेपट्या, बार्शीटाकळीचे काका, छाटणी, मग जवळचा आकडा, मग वरचा आकडा. हातवारे करून सांगितलं. ती ऐकत होती. एवढं बोललो मी, की अमरावती आली. चूक कॉम्प्युटरची होती, मास्तरांची होती, टिंब देऊन लिहिणाऱ्या अख्ख्या वऱ्हाडाची होती. माझ्या हसण्याचा विषय तेवढा आला नाही, आणि ती वाट बघत होती हे मला तेव्हा कळलं नाही. की कळलं होतं, आता खात्रीने सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वेबसाइट दुरुस्त केली. उंची हा आकडा म्हणून वाचायचाच नाही, माणसाने जे अक्षर लिहिलं ते जसंच्या तसं दाखवायचं. एका ओळीचं काम होतं. चहा निवायच्या आत झालं.

चार दिवसांनी पातूरहून होकार आला. आईने या खेपेला साखर देवापुढे ठेवली नाही, सरळ आमच्या तोंडात घातली. ताई साखर गिळून म्हणाली, "आई, त्यांना नाही म्हन."

"काहून?"

"हासला थो."

आईला आधी कळेचना. मग तिचा जो आवाज चढला, तो समोरच्या घरापर्यंत गेला असेल. "अवं, जवान पोरगं हाय, हासन नाही तं काय रडन? सरकारी नोकरी हाय! मानसं चांगली हायेत! समदं जग हासलं, तिथं एकट्या त्यालेच फाशी देतं का?"

"त्याच्या मांडीवर पुस्तक होतं," ताई म्हणाली. "त्याच्यात चार अकरा लिहिलं होतं. त्याले मालूम होतं. तरी हासला." एवढं बोलून ती सूप आणि न पाखडलेली तुरीची डाळ घेऊन मागच्या अंगणात गेली.

आई माझ्याकडे वळली. डोळ्यात पाणी. "तू जाय बाबू. तुयं ऐकते थे. समजावून सांग, पोरीच्या जातीनं एवढा ताठा करू नये म्हना. हे गेलं तं पुन्हा येनार नाही."

ते खरं होतं, आणि मला माहीत होतं. ताईने आधीच सांगून ठेवलं होतं की हे शेवटचं. आता म्हणतात असं सगळे, असं काही मला वाटत नव्हतं. मी गेलो. ती ओट्यावर बसून सुपात डाळ पाखडत होती. सुपातलं कुटार, तुरीचा भुसा, वाऱ्यावर उडून माझ्या अंगावर येत होतं, तरी मी तिच्यासमोरच बसलो.

"ताई, पोरगा वाईट नाही वं."

"नसन."

"त्याच्या मनात काही नव्हतं. मागून कोनीतरी बोललं, अन् हासू आलं त्याले. असं होते मानसाचं. समदेच हासले तिथं."

तिचं सूप थांबलं. "समदेच म्हंजे कोन कोन?"

"समदेच. मागचा थो ओरडनारा."

"अजून?"

"अध्यक्ष काका. चाचा. बायकाइच्या बाजूच्या साऱ्या. बार्शीटाकळीवाले काका होते, थेही हासले. कार्यकर्ते, पंगतीत वाढनारे."

"अजून?"

माझ्यापर्यंत यादी आली होती. नाव एकच उरलं होतं, आणि ते सांगितलं असतं तर कदाचित ती रडली असती, कदाचित हसली असती, कदाचित पातूरलाही हो म्हणाली असती, कोण जाणे. माझी जीभ तोंडात वळली सुद्धा.

"बस," मी म्हणालो. "एवढेच."

ती माझ्याकडे बघत राहिली, स्टेजवरून बघितलं होतं तशी. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. राग असता तर बरं झालं असतं. मग तिने सुपातली डाळ बोटांनी सारखी केली.

"बरं. जाय मंग. आईले सांग, मी नाही म्हटलं म्हून."

मी अंगावरचं कुटार झटकलं, आत गेलो आणि आईला सांगितलं, "ऐकत नाही थे. लय हट्टी हाय."